मोठ्या घशाचा कार्बोरेटर

हातातलं पातेल्याचं झाकण निसटलं आणि फरशीवर गरगरत गेलं. स्टीलचं झाकण पडलं की एकदम गप्प बसत नाही. आधी दणकून आदळतं, मग गोल फिरत, बारीक बारीक होत, घरभर रेंगाळतं. तिनं सवयीनं खांदे आखडून घेतले आणि नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. तो टेबलापाशी खिडकीकडे तोंड करून बसला होता. पुढ्यात जुनं वर्तमानपत्र, त्यावर कार्बोरेटरचे सुटे भाग, आणि त्यातला एक पितळी जेट चिमटीत धरून तो त्याच्या सुईएवढ्या भोकातून उजेड बघत होता. असं काही पडलं की ‘पायावर नाही ना पडलं?’ हा प्रश्न ते थांबायच्या आत यायचा. लग्न झाल्यापासून यायचा. आज झाकण फिरून फिरून ओट्याखाली थांबलं आणि प्रश्न आला नाही. कामात बुडालाय, असं तिनं स्वतःला सांगितलं. वाकून झाकण उचललं, पुसलं, आणि मग आपण काय करतोय हे स्वतःलाच नीट कळायच्या आत पुन्हा सोडून दिलं. या वेळी ते त्याच्या खुर्चीच्या पायाशी जाऊन आदळलं. त्यानं जेटमध्ये फुंकर मारली, पुन्हा उजेडात धरला आणि समाधानानं मान हलवली. एखाद्या ओळखीच्या खोलीत शिरावं आणि कपाट होतं त्या जागी नुसती भिंत असावी, तसं तिला झालं.

म्हणजे याला कधीपासून ऐकू येत नाही, हे तिला ठरवता येईना. ती मागं मागं जात राहिली, आणि जिथं जिथं गेली तिथं तिला आपलंच मौन आडवं आलं. उठल्यापासून देवापाशी बसून होईपर्यंत ती बोलत नसे. आई गेली त्या वर्षी धरलेला नेम. आजारपणात मोडला नाही, लेकीच्या लग्नाच्या सकाळीसुद्धा मोडला नाही. सुरुवातीला तो वैतागायचा. ‘साखर कुठंय एवढं सांगायला देव रागावणार आहे का?’ म्हणायचा. मग शिकला. तिच्या भुवईवरून दूध उतू चाललंय हे ओळखायला शिकला, ओठ जरा मुडपले की आपण मळक्या हातानं टॉवेल घेतलाय हे शिकला. त्या तासाभरात घर हातवाऱ्यांनी आणि चेहऱ्यांनी चालायचं, आणि खरं सांगायचं तर दिवसातला तोच वेळ दोघांचा सगळ्यात कमी भांडणाचा असायचा. हल्ली हल्ली तो तास लांबला होता. देवापासून उठून ती ‘चहा टाकू का?’ म्हणायची तेव्हा तो नुसता हसून मान हलवायचा. माझ्या नेमाचा मान ठेवतो हो, आता तर स्वतःही बोलत नाही, असं तिनं शेजारणीला कौतुकानं सांगितलं होतं. ते आठवून तिला आता कानाच्या पाळ्यांपर्यंत गरम झालं. तो मान ठेवत नव्हता. त्याला चहाचं ऐकूच येत नव्हतं. आणि आपण त्याचं कौतुक करत बसलो.

त्याचे कान म्हणजे साधे कान नव्हते. उमेदीच्या काळात लोक गाडी घेऊन यायचे, तो बोनेटसुद्धा उघडायचा नाही. ‘जरा रेस द्या’ म्हणायचा, मान कलती करायचा, आणि आजाऱ्याची नाडी बघावी तसा डोळे मिटायचा. ‘हिला सर्दी झालीय.’ म्हणजे पेट्रोलच्या वाटेत कचरा. ‘ही रात्रभर रडलीय.’ म्हणजे पाणी शिरलंय. संध्याकाळी जेवताना रस्त्यावरून एखादी गाडी गेली की घास हातात तसाच ठेवून तो म्हणायचा, ‘याचा व्हॉल्व्ह महिनाभरात जाणार.’ नवीन लग्न झालं तेव्हा तिला कार्बोरेटर म्हणजे काय ते त्यानं रिकाम्या बाटलीवर समजावलं होतं. बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर मार म्हणाला. ती मारत राहिली, नुसती हवा. ‘ओठ मोकळे सोडू नकोस, चिंचोळे कर.’ तिनं केले, आणि बाटली घुमली. ‘बघ, हेच. इंजिन श्वास आत ओढतं. वाट अरुंद असेल तर हवा धावत जाते आणि जाता जाता पेट्रोल उचलून नेते. वाट फार रुंद केलीस तर हवा आळसावते. येते, पण रिकाम्या हातानं.’ मग तो तिच्या चिंचोळ्या ओठांकडे इतका वेळ पाहत राहिला की कार्बोरेटरचा धडा तिथंच संपला.

आता तो ज्याच्यासाठी हे भाग धूत होता ते इंजिन मागच्या खोलीत लाकडी घोडीवर बसवलेलं होतं. पाणी उपसायच्या पंपाचं लहानसं इंजिन, भंगारात निघालेलं. लेकीनं रोपांचा धंदा काढला होता. कुंड्या, मातीच्या पिशव्या, झाडं, सगळं तीनचाकी सायकलगाडीवर घालून ती स्वतः पॅडल मारत गावभर न्यायची आणि घरी आल्यावर गुडघे धरून बसायची. ‘तुझ्या आईचे गुडघे गेले ते गेले, तुझे नाही जाऊ देणार,’ म्हणून बापानं हे काढलं होतं. सिलिंडर मोठा करून घेतला, जाडसर पिस्टन बसवला, हवेच्या वाटा हातानं घासून गुळगुळीत केल्या. निवृत्त झाल्यापासून इतका खूश तो कधी दिसला नव्हता. फक्त मूळचा कार्बोरेटर आता पुरेना. थोराड पोराला बाळपणीचं झबलं घातल्यासारखं ते इंजिन गुदमरायचं. म्हणून दुसरा शोधायचा होता, आणि सुट्या भागांच्या दुकानवाल्या मित्रानं दोन दिले होते. एक स्कूटरचा, मध्यम. दुसरा मोठ्या मोटरसायकलचा, रुंद घशाचा. त्या मित्राला सगळे वॉशर म्हणत, कारण कुठल्याही दोघांचं वाजलं की हा नट-बोल्टमधल्या चकतीसारखा मधे जाऊन बसायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मधला, स्कूटरचा, चढवला. इंजिन रात्रभर गार पडलेलं असलं की खरं बोलतं, असं त्याचं मत; म्हणून चाचणी नेहमी सकाळी, तिच्या मौनात. झाकणाची गोष्ट मनात घोळवत ती रात्रभर कूस बदलत होती. त्यानं दोरी ओढली तशी ती लगबगीनं मागच्या खोलीत उतरली, आणि पायरीवर गुडघ्यानं असा दगा दिला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. चौकट धरून ती उभी राहिली. तो इंजिनाकडे नाही, तिच्याकडे बघत होता. आवाज मात्र चांगला होता. तिच्यासारख्या अडाण्यालाही कळावा इतका चांगला. त्यानं रेस वाढवली तसा तो कुठंही न तुटता वर चढत गेला, मांजर पाठ ताणत उठतं तसा. आणि तरी त्यानं इंजिन बंद केलं, मान हलवली, आणि पाना घेऊन मधला कार्बोरेटर उतरवायला लागला. चांगलं तर चाललं होतं, असं तिच्या अगदी जिभेवर आलं. पण मौन होतं. आणि मौन सुटल्यावर वाटलं, आपल्याला काय कळतंय त्यातलं. ऐकू येत नसलं तरी हातांना तर कळत असेल. इतकी वर्षं ज्या माणसानं कान लावून आपलं घर चालवलं त्याला आपण शहाणपण शिकवायचं म्हणजे काय.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोठा चढला. तिनं गुडघ्याला पट्टा बांधला होता, आणि मनाशी एक ठरवून ती चौकटीत येऊन उभी राहिली होती: काही झालं तरी चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. त्याला कळता कामा नये की आपल्याला कळलंय. दोरी ओढली. इंजिन लागलं, जडपणानं, घसा खाकरत. त्यानं रेस एकदम उघडली, आणि तिला ते ऐकू आलं. इंजिन अडखळलं. क्षणभर सगळा आवाजच गेला. पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली पायरी नसावी तसा. मग एक गचका, आणि मग ते जे उसळलं ते मात्र दणक्यात, खिडकीची काच थरथरेपर्यंत. त्यानं टाकीवर तळवा ठेवला होता. त्या थरथरीनं त्याचा चेहरा उजळला. पुन्हा रेस सोडली, पुन्हा उघडली. पुन्हा ती नसलेली पायरी. येते, पण रिकाम्या हातानं, तिच्या मनात आलं, आणि आतून तिचा जीव इतका कळवळला की तो झाकायला तिला सगळ्या वर्षांची साधना पणाला लावावी लागली. देवापुढे बसताना चेहरा जसा सैल, शांत सोडते तसा सोडला. तो तिच्याकडे बघत होता. मग त्यानं इंजिन बंद केलं, प्लग काढून पाहिला. प्लगचं टोक छान बदामी होतं, म्हणजे जळण नीट होतंय. तो प्लग तिला दाखवून तो लहान मुलासारखा हसला. ‘हाच,’ म्हणाला. ‘ठरलं.’

अकराच्या सुमारास वॉशर आला. इंजिन उचलून लेकीच्या सायकलगाडीवर बसवायला मदत हवी होती. दोघांनी ते बसवलं, नट आवळले, आणि नवरा हात धुवायला गेला तसा वॉशर स्वयंपाकघराच्या दारात आला. ‘वहिनी, मोठाच बसवला की यानं. मी सांगत होतो, बाबा रे, ही रेसची गाडी आहे की कुंड्यांची? पण हा हल्ली माझ्याकडे बघत नसेल तर माझ्याशी बोलतच नाही.’ तिनं चहाचा कप पुढे केला. वॉशरनं कप घेऊन बशीत चहा ओतला. ‘दुकानात परवा पाठीमागनं तीनदा हाक मारली. मग जाऊन खांद्यावर हात ठेवला तर दचकला. मी आपला म्हणालो, एवढा काय दचकतोस, उधारी मागायला नाही आलो.’ ‘तुम्हाला ठाऊक आहे का?’ त्यानं हळूच विचारलं. ‘हो,’ ती म्हणाली. ‘त्याला ठाऊक आहे का, की तुम्हाला ठाऊक आहे?’ ‘नाही.’ वॉशरनं चहा संपवला. ‘इथं मी मधे बसू शकत नाही, वहिनी,’ तो म्हणाला, आणि नेहमीची एखादी चेष्टा न करता गेला.

मग लेकीचा फोन आला. संध्याकाळी दुकान आवरून ती गाडी न्यायला येणार होती. ‘आई, बाबांना सांग, उद्या पहिलीच ऑर्डर चढावरच्या शाळेची आहे. पन्नास कुंड्या. आता बघच मी कशी सरळ वर जाते ते.’ चढावरची शाळा. तो चढ तिला पाठ होता. अर्ध्यावर सिग्नल, तिथं गाडी थांबवावीच लागते, आणि मागं बस येऊन इतकी चिकटते की तिच्या नाकाची ऊब पाठीला लागावी. हिरवा दिवा लागला की तिथून उठायचं असतं, चढावर, ओझ्यासकट, एकदम रेस देऊन. तिनं फोन ठेवला आणि तिला ते दिसलं: लेक मूठ पिरगाळतेय, आणि पायरी नाही. इंजिन गप्प. गाडी मागं सरकतेय. मागं बस. तिनं डोळे मिटून देवाचं नाव घ्यायचा प्रयत्न केला, पण नावाच्या जागी तो अडखळलेला आवाजच येत राहिला. इतका वेळ ती एकच विचार करत होती, सांगितलं तर त्याचं काय होईल. ज्याच्याकडे होतं नव्हतं ते कानांत होतं, त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं की तू निवडलेलं चुकलंय, कारण तुला ऐकू येत नाही. दया आली म्हणून गप्प बसले, असं तिला वाटत होतं. आता तिला त्या दयेची भीती वाटली. दया करता करता आपण पोरीला चढावर उभं करतोय.

ती मागच्या खोलीत गेली तेव्हा दुपारचं ऊन खिडकीतून सरळ गाडीवर पडलं होतं. तो हँडलच्या तारेला तेल देत होता. ती त्याच्या समोर जाऊन उभी राहिली, उजेडात, ओठ दिसतील अशी. आपण कधीपासून असं उभं राहायला लागलो, हे तिच्या मनात येऊन गेलं. झाकण पडायच्या कितीतरी आधीपासून, बहुतेक.

‘अहो,’ ती म्हणाली. ‘मोठा नको.’

तारेवरचा त्याचा हात थांबला.

‘रेस दिली की अडखळतं. क्षणभर बंदच पडतं. सिग्नलला पोर अडकेल.’

‘अडखळतं?’ तो म्हणाला. तेलाचा डबा त्यानं हळूच खाली ठेवला. ‘सकाळी अडखळलं?’

‘प्रत्येक वेळी.’

ती वाट बघत होती, की आता तो चिडेल, ‘तुला काय कळतंय’ म्हणेल. ते बरं झालं असतं. तो चिडला नाही. त्याच्या चेहऱ्यावर नुसता गोंधळ होता, हिशोब जुळत नाही अशा माणसाचा.

‘मग तू काहीच कशी बोलली नाहीस?’

‘मौन होतं.’

‘तसं नव्हे गं. तोंडानं नव्हे.’ त्यानं बोटांवरचं तेल फडक्याला पुसलं, एक एक बोट, गरज होती त्याहून जास्त वेळ. ‘मी तुझ्याकडेच बघत होतो. इंजिन चांगलं नसेल तर तुझं तोंड सांगतं. वर्षानुवर्षं सांगतंय. आज इतकं शांत होतं, देवापुढे असतं तसं. मला वाटलं, म्हणजे सुरेख चाललंय.’

बाजूच्या स्टुलावर ती बसली.

‘आणि मधल्याला तू असं तोंड केलंस,’ तो म्हणाला, आणि त्यानं ते करून दाखवलं, डोळे मिटून, दात आवळून. ‘म्हटलं, फारच वाईट दिसतंय प्रकरण. उतरवला.’

‘अहो, माझा गुडघा मुरगळला होता.’

तिच्या ओठांकडे बघून त्याला ते समजायला जरा वेळ लागला. मग समजलं, आणि तो हसायला लागला, आवाज न करता, खांदे हलवत. आणि हसता हसता त्याचा चेहरा मधेच कुठंतरी मोडला. ‘गुडघा,’ तो म्हणाला. ‘मी तुझ्या गुडघ्यावरनं कार्बोरेटर निवडला.’

म्हणजे त्याला स्वतःचं माहीत होतं. मला माहीत आहे हे त्याला माहीत नव्हतं, एवढंच. एकाच घरात दोघं जण एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होते, तो खिडकीकडे तोंड करून आणि ती देवाकडे. आणि ती जितकी नीट लपवत होती, जितकं प्रेमानं, तितका तो चुकत होता. ज्या चेहऱ्याच्या आधारानं तो चालत होता तोच तिनं त्याच्यावर दया येऊन काढून घेतला होता.

‘कधीपासून?’ तिनं विचारलं.

‘फटाक्याएवढे मोठे तेवढे येतात अजून. बाकी गेले.’ तो कार्बोरेटरकडे बघत बोलला. ‘आधी झाडावरचे पक्षी गेले. मला वाटलं, ऋतू संपला. मग घड्याळ. तुझी बांगडी. बांगडी गेली तेव्हा कळलं.’ मग जरा खाकरून, वेगळ्याच सुरात, ‘बोलणार होतो. पण पोरीची गाडी होऊ दे म्हटलं. एकदा बोललो असतो तर तुम्ही दोघींनी मला या खोलीत पाऊल ठेवू दिलं नसतं. बाबा आराम करा, बाबा वर्तमानपत्र वाचा.’

‘वर्तमानपत्र तुम्ही फक्त जेट ठेवायला उघडता,’ ती म्हणाली.

हे त्यानं ओठांवरून बरोबर वाचलं. ‘पाना दे,’ म्हणाला. ‘तो दहाचा. आणि तिथंच बैस, उजेडात.’

मोठा उतरला, मधला चढला. ती त्याच्या हातांकडे बघत राहिली. ते हात कुठंही अडखळत नव्हते; नळी ओढून काढली, सांडणारं पेट्रोल अंगठ्यानं दाबलं, जाळी बसवली, क्लिप दाबली, सगळं न बघता. नजर अधूनमधून तिच्याकडे, नुसती खात्री करायला की ती आहे. सगळं झाल्यावर एक लहान स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तो उकिडवा बसला. ‘आता हे बघ. हा हवेचा स्क्रू. मी फिरवत जाणार. तू काही लपवायचं नाही. गुडघा दुखला तर हात वर कर, म्हणजे मला कळेल की तो गुडघा आहे.’

‘आणि चुकलं तर?’

‘तर तोंड कर. करतेस तसं.’

त्यानं दोरी ओढली. इंजिन लागलं. तिनं चेहरा मोकळा सोडायचा प्रयत्न केला आणि तिच्या लक्षात आलं की ते किती अवघड आहे. शांत करता येतो, पण मोकळा सोडायचा म्हणजे काय करायचं? मग तिनं चेहऱ्याचा नाद सोडला आणि नुसतं ऐकलं. आवाज जरा जाड होता, ओल्या चादरीसारखा. तिचं नाक आपोआप मुरडलं असणार, कारण त्यानं स्क्रू बाहेर सोडला. चादर वाळत गेली. अजून. आवाज पातळ झाला, कोरडा, खोकल्यासारखा; तिची भुवई वर गेली, आणि त्यानं पाव वळसा आत घेतला. रेस दिली. सोडली. दिली. ती डोळे न मिटता ऐकत होती, तो तिच्याकडे बघत होता, आणि दोघांच्या मधे ते लहानसं इंजिन श्वास घेत होतं. एका क्षणी ते नीट लागलं. दुसरा शब्दच नव्हता त्याला. वर जाताना कुठं पायरी चुकत नाही, खाली येताना ओरखडा नाही, मुळीच घाई नसलेला, भरल्या पोटाचा आवाज. त्यानं एकदम मूठ पिरगाळली आणि ते एकदम उठलं, ओझं असो, चढ असो, मागं काहीही असो, असं उठलं. लेक हिरव्या दिव्यावरून निघून गेलेली तिला दिसली. आणि तो अजून तिच्या तोंडाकडे बघत होता, ओठ किंचित उघडे ठेवून, परीक्षेचा निकाल ऐकायला उभ्या असलेल्या पोरासारखा. ज्या माणसानं तिला बाटली घुमवायला शिकवली होती तो हा आवाज कधी ऐकणार नव्हता. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. पुसायला हात उचलला आणि आठवलं, लपवायचं नाही. म्हणून तिनं ते तसंच वाहू दिलं.

तो घाबरला. पटकन वाकला, स्क्रू-ड्रायव्हर पुन्हा लावला, एका बाजूला जरासा वळवला, तिच्याकडे पाहिलं, परत दुसऱ्या बाजूला. इंजिन खोकलं. ‘काय झालं? फार पातळ झालं का?’ तो ओरडून विचारत होता, स्वतःच्याच आवाजाचा अंदाज नसल्यासारखा.

ती उठली. त्याच्या शेजारी, त्या तेलकट फरशीवर, दुखऱ्या गुडघ्यासकट बसली आणि त्याच्या हातावर हात ठेवून स्क्रू होता तिथं परत आणला, हळूहळू, आवाज पुन्हा भरेपर्यंत. मग त्याची हनुवटी आपल्याकडे वळवली.

‘ते इंजिनाचं नाही,’ ती सावकाश, ओठ नीट उघडून म्हणाली. ‘इंजिन बरोबर आहे. हात काढा तिथून.’

त्यानं वाचलं. पुन्हा एकदा तिच्या गालाकडे पाहिलं, पाणी कुठून कुठं चाललंय ते नीट बघितलं, नवीन प्रकारचा आवाज पहिल्यांदा ऐकल्यावर मान कलती करायचा तशी मान कलती केली, आणि हात काढला.